दगडावर कोरलेली शिकार आणि चुलीवरचा गुन्हा

राजस्थानातील भरतपूरजवळच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात काही दगडी फलक उभे आहेत. कोणत्या दिवशी, कोणत्या बड्या पाहुण्याच्या सन्मानार्थ, किती बंदुकांनी किती पक्षी पाडले, याचा हिशेब त्यांवर कोरून ठेवलेला आहे. त्यांतील सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी भरवलेल्या शिकारीत त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. ज्यांनी ते मारले त्यांना त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. उलट, ते पुढच्या पिढ्यांनी वाचावे म्हणून दगडात कोरले गेले.

त्याच काळात सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणामागे पारधी, कैकाडी व इतर जमातींची कुटुंबे सरकारी हजेरी देत होती. त्यांचा गुन्हा त्यांच्या जन्माबरोबरच ठरलेला होता. ज्या पारध्याच्या बापजाद्यांनी फासे लावून दिवसाकाठी दोन-चार तित्तिर आणि लावे पकडले, त्याचे नाव पोलिसांच्या नोंदवहीत गेले. आणि ज्याने एका दिवसात हजारो पाखरांचा खच पाडला, त्याचे नाव शिलालेखात गेले.

रानपाखरू एकच. राजवाड्याच्या ताटात ते पक्वान्न, पारध्याच्या मडक्यात ते मुद्देमाल! हा भेद पाखराच्या जातीतून येत नाही, खाणाऱ्याच्या वर्गातून येतो. वन्यजीवांच्या रक्षणाच्या नावाने आज जी उच्चभ्रू चर्चा चालते, तिच्यात नेमकी हीच गोष्ट दडपली जाते.

ताटातला वर्ग

प्रथम अन्नाचाच विचार करावा. लाव्याचे वजन सुमारे शंभर ग्रॅम. पिसे, आतडी, हाडे वजा जाता हाती येणारे मांस म्हणजे दोन-चार घास. तित्तिर त्याच्या दुपटी-तिपटीचा. पालावर असे एखादे पाखरू शिजते तेव्हा ते आचेवर भाजून, बारीक तुकडे करून, तिखट-मीठ घालून भरपूर पाण्यात उकळले जाते. मांस कमी आणि रस्सा जास्त, कारण खाणारी तोंडे जास्त. ज्वारीची भाकरी त्या रश्श्यात कुस्करून सगळे घर जेवते. ज्या घरात डाळ रोज मिळत नाही, दूध-अंडे तर सणासुदीलाही नाही, त्या घरातील मुलांच्या वाट्याला येणारे हे प्रथिन असते.

शिवाय ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, पारध्याने पकडलेले पाखरू बहुधा पारध्याच्या पोटात गेलेच नाही. ते जिवंत किंवा मारलेले गावातल्या सुखवस्तू गिऱ्हाइकाला, शहरातल्या बाजाराला विकले गेले आणि त्या पैशात ज्वारी आली. खाणारा पाटील, सावकार, अंमलदार किंवा शहरी शेठ. पकडला गेला तो मात्र विकणारा. खाणाऱ्याच्या घरावर धाड पडल्याचे फारसे कोणाच्या ऐकिवात नाही.

आता दुसरे ताट पाहावे. साहेबी खानपानात पाणलावा आतडी न काढताच भाजावा आणि ती आतडी भाजलेल्या पावावर पसरून वाढावीत, असा संकेत होता. ग्राउज आणि फेझंट हे पक्षी मारल्यावर काही दिवस तसेच टांगून ठेवायचे, मांसाला वास येऊ लागला की मगच ते शिजवायचे, ही खानदानी पद्धत होती. हेच पालावर घडले असते तर त्याला रानटीपणा म्हटले गेले असते. सरदाराच्या मेजावर घडले म्हणून ती रसिकता ठरली.

आपल्याकडील उच्चवर्णीय नाकेही या बाबतीत मागे नाहीत. रानपाखरे खाणारा म्हणून पारध्याला हिणवणाऱ्यांनी चरकसंहिता उघडून पाहावी. लावा आणि तित्तिर यांचे मांस तेथे पथ्यकर आहारात सांगितलेले आहे. वैद्याने श्रीमंत रोग्याला दिले की औषध, उपाशी माणसाने खाल्ले की पाप, असा हा न्याय आहे!

इंग्रज जमीनदारांचा वारसा

हा न्याय कायद्याच्या भाषेत प्रथम कोणी बसवला? इंग्लंडमध्ये १६७१ च्या कायद्याने ठरवले की ज्याला जमिनीपासून वर्षाला किमान शंभर पौंडांचे उत्पन्न आहे अशासारख्या मालदारांनाच शिकारीचे पशुपक्षी मारता येतील. सामान्य शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात, स्वतःचे पीक खाणारा तित्तिरही मारण्याची मुभा नव्हती. मालमत्तेची ही अट १८३१ पर्यंत टिकली. दरम्यान १८२८ च्या रात्रीच्या चोरट्या शिकारीविरुद्धच्या कायद्यात तिसऱ्यांदा सापडलेल्या माणसाला सात वर्षे समुद्रापार हद्दपार करण्याची तरतूद झाली. सामाईक कुरणे कुंपणात गेली, शेतमजुराची मजुरी घटली, आणि त्याने पोरांच्या भुकेसाठी रात्री जाळे टाकले की तो गुन्हेगार ठरला. एंगेल्सने १८४५ च्या आपल्या इंग्लंडमधील कामगारवर्गावरील ग्रंथात शेतमजुरांचा विचार करताना या शिकार-कायद्यांची नोंद घेतली, ती उगाच नव्हे. तरुण मार्क्सनेही १८४२ मध्ये ऱ्हाइनलँडच्या जंगलातील पडलेले लाकूड गोळा करणाऱ्या गरिबांना चोर ठरवणाऱ्या कायद्यावर लेखणी उचलली होती. रानातली वस्तू खाजगी मालकीची होते तेव्हा भूक आपोआप चोरी होते, हा त्या वादाचा गाभा होता.

पुढे विसाव्या शतकातही ग्राउजच्या शिकारीसाठी इंग्लंडमधील मोठमोठे माळ सामान्य माणसांना बंद होते. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउटच्या माळावर शेकडो तरुण कामगार बंदी मोडून चढले. त्यांच्या अग्रभागी बेनी रॉथमन हा तरुण कम्युनिस्ट होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. वर्षातले काही दिवस बंदूक उडवणाऱ्या मूठभरांसाठी डोंगर राखायचा आणि कारखान्यात फुप्फुसे जाळणाऱ्या हजारोंना त्यावर पाऊलही टाकू द्यायचे नाही, हा जमीनदारी हक्क त्यांनी भर दिवसा आव्हानित केला.

बंदुकीला परवाना, फाशाला बेडी

साम्राज्यशाहीने हाच माल भारतात उतरवला आणि त्याला वंशद्वेषाची व जातिव्यवस्थेची जोड दिली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. तो पुढे टप्प्याटप्प्याने देशभर लागू करण्यात आला. १८७९ मध्ये निलगिरीत साहेबांच्या शिकारीचे पशुपक्षी व मासे राखण्यासाठी खास कायदा झाला. त्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या भारतीय शिकारी पक्ष्यांवरील तीन खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. हेच ह्यूम १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. एकीकडे पक्ष्यांची शास्त्रीय मोजदाद, दुसरीकडे त्यांच्यावर गोऱ्यांच्या बंदुकीचा हक्क, आणि तिसरीकडे ज्यांना त्या पक्ष्यांची घरटी, हाका आणि वाटा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या त्यांच्या पायांत बेड्या, अशी ही वाटणी होती.

देशी संस्थानिकांनी मालकांचे अनुकरण इमानेइतबारे केले. बिकानेरच्या महाराजांनी गजनेरच्या तलावावर पाणी प्यायला उतरणाऱ्या पखुर्ड्यांच्या थव्यांवर व्हाइसरॉयांच्या बंदुका रोखल्या. भरतपूरकरांनी सखल रानात कालव्याचे पाणी सोडून बदकांचे जणू पीकच काढले. ज्या मुलखात शेतकरी पाण्याच्या पाळीसाठी झुरतो, तेथे पाहुण्यांच्या नेमबाजीसाठी पाणी खेळवले गेले. सरंजामी आतिथ्य आणि साम्राज्यशाही विलास यांची युती याहून स्पष्टपणे कोठे दिसणार?

स्वातंत्र्य आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या. परंतु सुमारे सात वर्षांत, १९५९ मध्ये, मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा झाला. इतर अनेक राज्यांतही तसेच कायदे आले. जमातीचे नाव पुसले, संशयाची नजर तशीच राहिली. भरतपूरच्या तलावावर मात्र १९६० च्या दशकातही बड्यांच्या बंदुका वाजतच होत्या. १९५६ मध्ये ते पक्षी-अभयारण्य झाल्यावरही माजी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत शाबूत ठेवण्यात आला.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अनेक अर्थांनी आवश्यक होता, याविषयी दुमत नाही. पण त्याच्या मूळ स्वरूपात ‘लहान शिकारी’ची स्वतंत्र अनुसूची आणि तिच्यासाठी परवाना होता, ही गोष्ट विसरता कामा नये. पकडण्याचाही परवाना कागदावर होता. परंतु ज्याच्याकडे गावाचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, ज्याला पोलीस पाटील गावकुसाजवळ थांबू देत नाही, त्याला हा परवाना कोणत्या कचेरीतून मिळणार होता? बंदूकवाल्याला मात्र वाट मोकळी होती. १९९१ च्या दुरुस्तीने हे शिकारीचे परवाने संपुष्टात आणले. ती बंदी योग्यच होती. मात्र बंदूकवाल्याचा त्यात केवळ एक छंद गेला. फासेवाल्याची पोटाची सोय गेली. छंद गेल्यावर दुसरा छंद मिळतो. पोटाची सोय गेल्यावर काय, या प्रश्नाला त्या कायद्यात उत्तर नव्हते. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही शिकार आणि सापळ्याचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला. २०२२ च्या दुरुस्तीने सामान्य गुन्ह्याच्या दंडाची मर्यादा २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर नेली. पालात राहणाऱ्याला एक लाख दंड म्हणजे तुरुंगच. फार्महाऊसवाल्याला ती एका रात्रीच्या मेजवानीची किंमत!

पाखरे कोणी संपवली?

येथे आक्षेप घेतला जाईल की पारध्याची बाजू घेणे म्हणजे पक्ष्यांचा संहार करायला मोकळीक देणे. हा आक्षेप प्रामाणिक असेल तर त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. रानपाखरे कमी झाली आहेत, विशेषतः माळरानावरची व उघड्या रानातली. देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला त्यानेही हेच दाखवले आहे. व्यापारी सापळेबाजीने अनेक ठिकाणी हानी केली आहे, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु तित्तिर आणि लावा गवतात राहतो, गवतात अंडी घालतो, गवतातले बी आणि किडे खातो. ते गवत कोणी संपवले?

सरकारी दप्तरांनी माळराने ‘पडीक’ म्हणून नोंदवली. पडीक म्हटले की ती कोणालाही देता येतात: औद्योगिक वसाहतीला, खाणीला, वीजप्रकल्पाला, जमिनीच्या दलालाला. बांध कोरले गेले, कुंपणाची झुडपे गेली, शेतात विषारी औषधांचा मारा वाढला. फाशात एक पाखरू सापडते. नांगरलेल्या माळावर पुढच्या सगळ्या विणी संपतात. माळ विकणाऱ्यावर कोणत्या कलमाखाली खटला चालतो?

पारध्याचे ज्ञान शास्त्राला नको होते असेही नाही. सलीम अली यांचा पक्ष्यांकडे जाणारा मार्ग लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाला, हे सर्वश्रुत आहे. ते पाखरू घेऊन तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि त्याच्यासाठी संग्रहालयाचे दार उघडले. यात त्या थोर शास्त्रज्ञाच्या कार्याला उणेपणा येत नाही. प्रश्न एवढाच की, त्याच वयाचा पारध्याचा पोर हातात तित्तिर घेऊन गावात शिरला असता तर कोणते दार उघडले असते? पुढे त्याच सोसायटीला पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्यासाठी पक्षी जिवंत, इजा न होता पकडायचे होते, तेव्हा बिहारच्या मीरशिकारांचे हातच कामी आले. विदर्भात वाशिम-अकोल्याकडे फासेपारधी वस्त्यांनी माळराने राखण्याचे, तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्यांच्या रक्षणाचे काम अंगावर घेतले. ज्याला पकडता येते त्याला राखताही येते. अट एवढीच की राखण्याची भाकरी मिळाली पाहिजे.

भरतपूरचा धडा

बंदी वरून लादली आणि माणसांना बाजूला सारले की काय होते, याचा धडा त्याच दगडी फलकांच्या रानात मिळतो. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ मध्ये तेथील चराई एकाएकी बंद करण्यात आली. आजूबाजूच्या गावांचे म्हशी-गुरांवर पोट. त्यांनी विरोध केला. त्या वर्षी नोव्हेंबरात पोलिसांनी गोळीबार केला आणि गावकरी ठार झाले. ज्या रानात व्हाइसरॉयच्या बंदुकीने पाखरे पडली, तेथे स्वतंत्र भारताच्या बंदुकीने पाखरांच्या नावाने माणसे पडली.

आणि पाखरांचे तरी भले झाले काय? नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासाने १९९१ मध्ये निष्कर्ष काढला की, म्हशींची चराई थांबल्याने पाणथळीत गवत बेसुमार माजले, उघडे पाणी घटले आणि पाणपक्ष्यांना ते बाधले. ज्या म्हशीला पक्ष्यांचा शत्रू ठरवले होते, तीच त्यांची जागा मोकळी ठेवत होती. त्याच परिसरात १९८० च्या दशकाच्या अखेरीस सारस क्रौंच आल्ड्रिन या कीटकनाशकाच्या विषबाधेने मेले. गुराख्यासाठी गोळी होती; विष विकणाऱ्या बाजारासाठी काय होते?

शास्त्र पुढे चुकीची कबुली देते, ही शास्त्राची थोरवी. राज्यसंस्था मेलेल्या माणसांसाठी कबुलीचा दगड बसवत नाही, हा तिचा वर्गस्वभाव.

दोन ढोंगे आणि एक भाबडेपणा

आज रानपाखरांच्या खाण्याभोवती दोन ढोंगे नांदतात. पहिले ढोंग ‘शाही शिकारखान्या’चे. जुन्या राजवाड्यांची हॉटेले झाली आणि तेथे सरंजामी स्वयंपाकाच्या आठवणी चांदीच्या ताटातून विकल्या जातात. रानातला लावा आता मिळत नाही म्हणून पिंजऱ्यात वाढवलेला जपानी लावा त्याच्या जागी येतो; भिंतीवर मात्र त्याच बंदुका आणि त्याच तसबिरी. एका वर्गाची शिकार अशी ‘वारसा’ होऊन पुन्हा नफा देते आणि दुसऱ्या वर्गाची शिकार पोलीस ठाण्याच्या वहीतून बाहेर पडत नाही.

दुसरे ढोंग शहरी निसर्गप्रेमाचे. माळावर बंगल्यांची वसाहत उभी राहते, तिला एखाद्या पाखराचे नाव दिले जाते आणि तिच्या गच्चीवरून दुर्बीण लावून पारध्याच्या पालावर नजर ठेवली जाते. अशा निसर्गप्रेमाला कंत्राटदार दिसत नाही, कारण तो शेजारी राहतो.

यांच्या जोडीला डाव्या चळवळीतील एक भाबडेपणाही आहे. पारध्याला पुन्हा रानात मोकळे सोडावे, फासे हाच त्याचा हक्क, असे काहींना वाटते. ही भूमिका चुकीची आहे. माणसाला त्याच्या जुन्या दारिद्र्यात जसेच्या तसे जतन करणे म्हणजे मुक्ती नव्हे. पारध्याच्या मुलाला लाव्याच्या दोन घासांचा हक्क मागायचा नाही; दूध, डाळ, अंडी, शाळा आणि स्वतःच्या नावाची जमीन मागायची आहे. आणि ज्या कॉम्रेडांना वाटते की वर्गलढ्याच्या धामधुमीत दोन पाखरांचा प्रश्न किरकोळ आहे, त्यांनी आठवावे की संघटित कारखान्याच्या दारापर्यंत कधीच न पोहोचलेली लाखो कष्टकरी माणसे अशाच ‘किरकोळ’ गुन्ह्यांच्या वह्यांत अडकलेली आहेत. चळवळ त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, तर पोलीस आणि जातपंचायत पोहोचतातच.

मागायचे काय?

ज्या राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे अद्याप आहेत तेथे ते रद्द झाले पाहिजेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविरुद्ध निकाल देताना विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या कारागृह-नियमांवर प्रहार केला. न्यायालयाने जे तुरुंगाच्या आत नाकारले ते बाहेरच्या ठाण्यांत चालू राहता कामा नये. प्रत्येक पालाला दाखले, रेशनकार्ड, घराची जागा आणि कसायला जमीन मिळाली पाहिजे. माळरानांवरचा ‘पडीक’ हा शिक्का पुसून ती चराई करणाऱ्या व राखण करणाऱ्या गावांच्या हाती संरक्षित राहिली पाहिजेत. वनखात्याने पारधी, बहेलिया, मीरशिकार यांच्या तरुणांना रोजंदारीवरचे खबरे म्हणून न वापरता पगारी राखणदार म्हणून नेमले पाहिजे. आणि धाड घालायची तर ती चुलीपासून सुरू न होता मेजवानीपासून सुरू झाली पाहिजे.

ही शेवटची मागणी कोणाला अतिरेकी वाटेल. पण तिला या भूमीत बावीसशे वर्षांहून जुना दाखला आहे. गिरनारसह अनेक ठिकाणच्या खडकांवर कोरलेल्या अशोकाच्या पहिल्या शिलालेखात सांगितले आहे की राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखोंच्या संख्येने प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच उरले आहे, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. सम्राटांचे गोडवे गाण्याचे कम्युनिस्टांना कारण नाही. तरीही एवढे मान्य केले पाहिजे की त्या राजाने बंदीची सुरुवात स्वतःच्या स्वयंपाकघरापासून केली आणि ती दगडावर लिहिली. भरतपूरच्या राजाने दगडावर लिहिला तो मारलेल्या पाखरांचा आकडा.

आजच्या सत्ताधाऱ्यांसमोर हे दोन्ही दगड उभे आहेत. ते पहिल्या दगडाची पूजा करतात, दुसऱ्याचे तिकीट लावतात आणि धाड मात्र पारध्याच्या मडक्यावर घालतात. हे मडके आणि हे माळरान, दोन्ही राखण्याचे काम आता संघटित कष्टकऱ्यांनाच हाती घ्यावे लागेल.